ग्रीक ड्रेसिंग: विकतची बाटली आणि घरची बरणी

परदेशी वाणसामान ठेवणाऱ्या पुण्यातील एका दुकानातून मी गेल्या महिन्यात ‘ग्रीक ड्रेसिंग’ असे ठळक अक्षरांत छापलेली एक आयात बाटली आणली आणि त्याच फेरीत घरी ड्रेसिंग करण्याचे साहित्यही घेतले. पुढचे दोन आठवडे आमच्या घरी टोमॅटो, काकडी आणि कांद्याच्या सॅलडवर एक दिवस बाटलीतले, तर एक दिवस घरचे ड्रेसिंग घातले जात होते. घरचे ड्रेसिंग सरस ठरले, आणि तेही थोडक्या फरकाने नव्हे. मात्र त्याचे श्रेय करणाऱ्याच्या हाताला फारसे देता येणार नाही. या कृतीत चुकण्यासारखे थोडेच असते आणि चवीचा सगळा भार तेल आणि ओरेगानो या दोन जिनसांवर असतो. म्हणून या परीक्षणात मी त्या दोघांविषयीच सर्वांत विस्ताराने लिहिणार आहे.

आधी बाटलीविषयी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम असल्यामुळे लेबल वाचले की आतले प्रमाण बरेचसे कळते. या बाटलीवर पहिले नाव पाण्याचे आणि दुसरे रिफाइंड सोयाबीन तेलाचे होते. त्यानंतर व्हिनेगर, साखर, मीठ आणि लसणाची पूड अशी नावे येत होती. ऑलिव्ह तेल यादीत बरेच खाली होते, आणि त्याच्याही खाली पाणी व तेल एकजीव ठेवणारा झँथन गम आणि टिकाऊपणासाठी घातलेले पोटॅशियम सॉर्बेट. या दोन्ही पदार्थांना अन्नात वापरण्याची परवानगी आहे आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या तेलासाठी हे ड्रेसिंग करायचे, तेच तेल नावापुरते उरलेले आहे, ही माझी तक्रार आहे. चवीला ते आधी गोड लागते, मग आंबट, आणि शेवटी लसणाच्या पुडीचा शिळसर वास तोंडात बराच वेळ राहतो. झँथन गममुळे त्याला एक बुळबुळीत दाटपणाही येतो आणि ते टोमॅटोच्या फोडींवर साय धरल्यासारखे बसून राहते.

ग्रीसमध्ये मात्र असे तयार ड्रेसिंग सॅलडवर ओतण्याची रीत नाही. तेथील ‘होरिआतिकी’, म्हणजे गावाकडचे सॅलड, टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि ऑलिव्ह यांचे असते. त्यावर फेटा चीजची अखंड चकती ठेवतात, वरून ओरेगानो चुरडतात आणि ऑलिव्ह तेलाची धार सोडतात. लेट्यूसची पाने त्यात नसतात. व्हिनेगर ज्याने त्याने आपल्या आवडीनुसार घालायचे असते. तेल आणि व्हिनेगर एकत्र करून जे केले जाते त्याला ‘लादोक्सिदो’ म्हणतात, तर तेल आणि लिंबाचा रस एकत्र घुसळून ‘लादोलेमोनो’ करतात. यातले दुसरे मुख्यतः भाजलेल्या मासळीवर आणि उकडलेल्या पालेभाजीवर घेतात. बाटलीत मिळणारे ‘ग्रीक ड्रेसिंग’ हा प्रकार अमेरिकेत रूढ झाला, आणि तेथे ग्रीक स्थलांतरितांच्या उपाहारगृहांतील सॅलडनेही आपापली वळणे घेतली. फ्लोरिडातील टारपन स्प्रिंग्ज या ग्रीक वस्तीच्या गावी तर सॅलडच्या तळाशी बटाट्याचे सॅलड घालतात. त्यामुळे मी घरी केले ते या दोन्ही परंपरांच्या मधले आहे: घटक ग्रीक घरातले, आणि ते बरणीत घालून हलवण्याची पद्धत अमेरिकेतली.

आता तेल. आपल्याकडे दुकानाच्या फळीवर ऑलिव्ह तेलाचे तीन-चार प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि किमतीत मोठे अंतर असल्यामुळे हात आपोआप स्वस्त डब्याकडे जातो. ड्रेसिंगसाठी तसे करू नये. ‘पोमेस’ म्हणजे फळे पिळून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या साहाय्याने काढलेले आणि मग रिफाइंड केलेले तेल. तळणासाठी ते चालते, पण त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. ‘लाइट’ हा शब्द रंगाचा आणि चवीचा हलकेपणा सांगतो, उष्मांकाचा नव्हे. मोठ्या चमचाभर तेलात, ते कोणतेही असले तरी, सुमारे १२० कॅलरी असतात. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हे फळांपासून केवळ यांत्रिक पद्धतीने काढलेले तेल असून त्यातील मुक्त आम्लता १०० ग्रॅममागे ०.८ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. ड्रेसिंगला हेच हवे, कारण येथे तेल तापवले जात नाही आणि त्याचा कोणताही दोष झाकला जात नाही.

मी घेतलेला डबा दक्षिण ग्रीसमधील पेलोपोनीझ भागातल्या कालामाता या संरक्षित नामांकनाच्या, म्हणजे त्या ठरावीक भागातल्या तेलालाच लावता येणाऱ्या नावाच्या, तेलाचा होता. हे तेल प्रामुख्याने कोरोनेइकी जातीच्या फळांपासून काढतात. ही फळे अगदी लहान असतात, पण त्यांत तेलाचे प्रमाण चांगले असते आणि तेलाला कापलेल्या गवतासारखा, कच्च्या हिरव्या पालेभाजीसारखा वास येतो. चमचाभर तेल नुसतेच जिभेवर घेऊन पाहिले, तर आधी फळाची चव, मग बारीक कडसरपणा आणि गिळताना घशात ठसका, असा क्रम लागतो. पहिल्यांदा हे तेल चाखणाऱ्यांना, विशेषतः रिफाइंड तेलाची सवय असलेल्यांना, ते खराब झाले असावे असे वाटते. माझ्या सासूबाईंनीही ‘अगं, हे खवट झालंय का?’ असे विचारले होते. प्रत्यक्षात हा ठसका ओलिओकँथाल नावाच्या घटकाचा असतो आणि तेल ताजे असल्याची ती चांगली खूण आहे. खवट तेलाला जुन्या शेंगदाण्यांचा किंवा मेणाचा वास येतो आणि त्यात ठसका उरत नाही. ग्रीसमध्ये फळांची काढणी साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे हिवाळाभर चालते. म्हणून डब्यावर काढणीचे वर्ष दिलेले असेल, तर मुदतीच्या तारखेपेक्षा ते आधी वाचावे. तेल प्रकाशाने खराब होते, त्यामुळे पारदर्शक बाटलीपेक्षा पत्र्याचा डबा किंवा गडद काच केव्हाही बरी.

ओरेगानोच्या बाबतीत आपली फसगत अधिक होते. पिझ्झासोबत येणाऱ्या पुड्यांमुळे आपल्याला ओरेगानो परिचित झाला, पण ‘ओरेगानो सीझनिंग’ या नावाने जे मिळते त्यात मीठ, मिरची, लसूण आणि इतर मसाले मिसळलेले असतात. ड्रेसिंगमध्ये ते घातले की मिठाचा अंदाज चुकतो आणि सॅलडला पिझ्झाचा वास येतो. घटकांच्या यादीत फक्त ओरेगानो हे एकच नाव असेल तेच पाकीट घ्यावे. ग्रीसमध्ये फुलोऱ्यासकट वाळवलेल्या ओरेगानोच्या जुड्या बाजारात मिळतात. ते त्याला ‘रिगानी’ म्हणतात आणि सॅलडवर तो बोटांनी चुरडून घालतात. मला मिळालेले पाकीट ग्रीक ओरेगानोच्या वाळलेल्या पानांचे होते, आणि ते उघडताच आमच्या स्वयंपाकघरात ओव्याची आठवण करून देणारा वास पसरला. हे साम्य केवळ भास नव्हे. ग्रीक ओरेगानोचा वास मुख्यतः कार्व्हाक्रोलमुळे आणि ओव्याचा थायमॉलमुळे येतो, आणि या दोन्ही पदार्थांचे रासायनिक सूत्र एकच असून फक्त अणूंची मांडणी वेगळी आहे. तरीही ओरेगानोऐवजी ओवा घालू नये. मी एकदा चिमूटभर घालून पाहिला, तर ड्रेसिंगला पुऱ्यांच्या पिठाची चव आली.

आंबटपणासाठी लाल वाइनपासून केलेले व्हिनेगर हवे. आपल्याकडे चायनीज पदार्थांसाठी वापरले जाणारे पांढरे, स्वस्त व्हिनेगर अनेकदा कृत्रिम, म्हणजे ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते आणि तसे त्याच्या लेबलवर छापलेलेही असते. ते नाकात जाते, पण त्याला फळाची चव नसते. लिंबू वापरायचे असेल तर आपले कागदी लिंबू ग्रीसमधल्या मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा बरेच तीव्र असते, हे लक्षात ठेवून रस बेताने घ्यावा.

दोन आठवड्यांत माझे जे प्रमाण ठरले ते असे: सहा मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक लहान चमचा कागदी लिंबाचा रस, एक लहान चमचा वाळलेला ओरेगानो, लसणाची अर्धी पाकळी, अर्धा लहान चमचा डिजॉन मोहरीची पेस्ट, पाव लहान चमचा मीठ आणि ताजी भरडलेली मिरी. मोहरीची पेस्ट ग्रीक नाही, पण तिच्यामुळे तेल आणि व्हिनेगर काही काळ एकत्र राहतात, आणि तिच्यावाचून ड्रेसिंग वाढेपर्यंत ते वेगळे झालेले असतात. क्रमाला येथे खरेच महत्त्व आहे. मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी व्हिनेगरमध्ये विरघळवावे. लसूण खलबत्त्यात ठेचून लगेच त्याच व्हिनेगरमध्ये टाकावा आणि दहा मिनिटे राहू द्यावा. ठेचलेल्या लसणाचा उग्रपणा ज्या विकरामुळे तयार होतो त्याला आम्लाने आळा बसतो, त्यामुळे वास राहतो पण जिभेला चटका बसत नाही. ओरेगानोही तळहातावर चोळून तेव्हाच घालावा, म्हणजे वाळलेली पाने फुगतात. मग तेल घालावे, झाकण घट्ट लावावे आणि बरणी अर्धा मिनिट जोराने हलवावी. मिक्सर वापरू नये. पहिल्या दिवशी मी वापरला होता आणि ड्रेसिंग स्पष्टपणे कडू झाले, कारण वेगवान पात्याखाली एक्स्ट्रा व्हर्जिन तेलातील कडसर घटक मोकळे होऊन जिभेला अधिक जाणवतात. बरणीत हलवलेल्या ड्रेसिंगमध्ये हा दोष एकदाही आढळला नाही.

सॅलडवर घातल्यावरचा फरक मला सर्वांत बोलका वाटला. बाटलीतले ड्रेसिंग भाज्यांवर वरवर राहिले आणि ताटलीच्या तळाशी गुलाबीसर, गोड पाणी साचले. घरचे ड्रेसिंग टोमॅटोच्या रसात मिसळून गेले आणि तळाशी जे उरले ते सर्वांत चविष्ट होते. आपण कोशिंबिरीत काकडी पिळून घेतो किंवा मीठ अगदी वाढताना घालतो, कारण सुटलेले पाणी आपल्याला नको असते. होरिआतिकीत त्याच्या उलट आहे, तेथे टोमॅटोला सुटलेले पाणी हा ड्रेसिंगचाच भाग असतो आणि शेवटी पाव त्यात बुडवून खातात. त्यालाही त्यांच्याकडे ‘पापारा’ असा खास शब्द आहे. आमच्याकडे ते काम ज्वारीच्या भाकरीने केले आणि फार छान केले. आपल्या बाजारातील कडक, जाड सालीच्या संकरित टोमॅटोंना पाणी कमी सुटते, म्हणून फोडींना मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे किंवा गावरान टोमॅटो मिळाले तर तेच घ्यावेत.

फेटाविषयी थोडेसे, कारण ड्रेसिंगमधील मीठ त्यावर अवलंबून आहे. युरोपीय संघात २००२ पासून फेटा हे संरक्षित नाव आहे. त्यात किमान ७० टक्के दूध मेंढीचे असावे लागते, बाकीचे शेळीचे चालते, आणि ते किमान दोन महिने मुरवावे लागते. आपल्याकडे त्या धर्तीवर गाईच्या दुधाचे जे चीज मिळते ते मला या सॅलडपुरते पुरेसे चांगले वाटले, मात्र ते खारट असते. म्हणूनच वर मी मीठ पाव चमच्यावर आणले आहे. पनीर घालणार असाल तर मीठ दुप्पट करावे, पण पनीरला आंबूसपणा नसल्यामुळे लिंबाचा रसही थोडा वाढवावा लागेल.

खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर सुरुवातीला घरचे ड्रेसिंग महाग पडते, कारण तेलाचा डबा एकदमच विकत घ्यावा लागतो. पण बाटलीत पैसे मुख्यतः पाण्याचे आणि सोयाबीन तेलाचे मोजले जातात, हे लेबल वाचल्यावर तो महागपणा मला योग्य वाटू लागला. ज्यांना हे सॅलड महिन्यातून एकदाच करायचे आहे त्यांनी लिटरभराचा डबा न घेता सर्वांत लहान आकार घ्यावा. उघडलेले तेल दोन-तीन महिन्यांत संपवणे चांगले, आणि ते शेगडीजवळ ठेवू नये. राहिलेले ड्रेसिंग मात्र बाहेर ठेवू नका. कच्चा लसूण तेलात बुडवून सामान्य तापमानाला ठेवला, तर हवेविना वाढणाऱ्या बोट्युलिझमच्या जंतूंचा धोका असतो. मी ते फ्रीजमध्ये ठेवते आणि तीन-चार दिवसांत संपवते. थंडीने तेल गोठून पांढुरके, रवाळ दिसू लागते, पण ते खराब झालेले नसते. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटे बरणी बाहेर काढून ठेवली आणि पुन्हा एकदा हलवली की ते पूर्ववत होते.