पीबीएक्स डीएमझेडमध्ये टाकला आणि २,८७,४४८ रुपयांचं बिल आलं

आमचा नाशिकचा द्राक्ष निर्यातीचा धंदा. रॉटरडॅमला रोज फोन असतात, म्हणून आयएसडी चालू. तेव्हा 'आयएसडी बंद का नाही ठेवलं?' हे कृपया कुणी विचारू नका.

१८,५०० रुपये घेऊन एकाने पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, बसवून दिलं: ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर इंटरनेटवरून फोन लावणारा सर्व्हर. फोन लागायचा, पण समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्याने राउटर उघडला आणि सर्व्हर सरळ डीएमझेडमध्ये टाकला, म्हणजे राउटरची आड काढून सगळ्या इंटरनेटसमोर उघडा ठेवला. आवाज आला, पैसे घेऊन तो गेला. खरं तर सर्व्हरला आपला बाहेरचा आयपी सांगायचा, आवाजासाठी १०००० ते २०००० एवढी यूडीपी पोर्ट (आवाज आत येण्याची दारं) आत सोडायची आणि राउटरमधलं 'सिप एएलजी', म्हणजे इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी सोय, बंद करायचं, एवढंच काम होतं. कॉल जोडणारं ५०६० हे पोर्ट फक्त आपल्या ट्रंक कंपनीच्या (जिच्या लाइनवरून आपले कॉल बाहेर जातात तिच्या) आयपीला उघडं ठेवा, जगाला नाही!

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. लॉगमध्ये 'चुकीचा पासवर्ड' अशा ओळी धावत होत्या. १००, १०१, २०१, एकेक एक्स्टेन्शन (ऑफिसमधल्या फोनचा आतला नंबर) कुणीतरी चाचपडत होतं. मी सर्व्हर बसवणाऱ्याला तो स्क्रीन दाखवला होता! "इंटरनेटवर हे चालतंच, साहेब." मी द्राक्षवाला, त्यावर काय बोलणार? त्याने २०१ चा पासवर्ड २०१ च ठेवलाय आणि चोर तिथूनच आत शिरला, हे बिल आल्यावर कळलं.

शनिवारी रात्री सुरू झालेले चोराचे कॉल सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत चालले. क्युबा, सोमालिया. ज्या नंबरांवर मिनिटामागे चोराला कमिशन मिळतं, तेच सगळे. फेल२बॅन, म्हणजे वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारं सॉफ्टवेअर, टाकलं असतं तर निदान अडथळा आला असता. नुसता पोर्ट बदलून भागत नाही, घरून फोन वापरणाऱ्यांना व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा खासगी, सुरक्षित मार्ग) द्या.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विचारतात, कोणत्या खात्यात पैसे गेले? अहो, खात्यातून गेलेच नाहीत, बिल आलंय! पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "ओटीपी दिला होता का?" नाही म्हटलं तर, "मग फसवणूक कशी झाली?" लॉगची प्रिंट टेबलावर ठेवली, ती कुणी उलगडूनही पाहिली नाही. एक म्हणतो सायबरकडे जा, सायबरवाला म्हणतो हा टेलिफोन कंपनीशी वाद. आणि कंपनी? "कॉल तुमच्याच सर्व्हरवरून गेलेत, सर." शनिवारी रात्री द्राक्षवाला सोमालियाला तासन्‌तास बोलतोय, याची शंका यांच्या एकाही संगणकाला आली नाही. आयएसडीची रोजची मर्यादा लेखी मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही.

मूळ बिल २,४३,६०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३,८४८ रुपये. चोराने केलेल्या कॉलवरचा कर मी भरायचा, आणि तोही मुदतीत, नाहीतर लाइन बंद.