डिशवॉशरचा ड्रेन पाईप तुंबलाय: केमिकल टाकू, काढून धुऊ की सरळ नवीन लावू?

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामाच्या मावशी येईनात म्हणून पुण्यात कितीतरी घरांत डिशवॉशर आला, त्या मशिनी आता पाच वर्षांच्या पुढे गेल्यात, आणि फिल्टर घासून घासून धुतला तरी दार उघडलं की आंबूस वास येतोच किंवा तळाशी गढूळ पाणी साचून राहतं, अशा वेळी मागच्या त्या रिंगा-रिंगांच्या पाईपकडे लक्ष जातं.

पण आधी खात्री करा की अडलंय ते पाईपमध्येच. फिल्टरच्या खाली पंपापाशी लिंबाची बी, चिंचोका, काचेचा तुकडा अडकू शकतो, तो बघा, आणि पाईप सिंकखाली जोडला असेल तर तिथला बॉटल ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा बाटलीसारखा भाग, उघडून बघा. बॉशच्या बऱ्याच मॉडेलवर ई 24 असा एरर कोड आला तर पाईप तुंबलाय किंवा मुडपलाय असं समजायचं, ई 25 आला तर पंपाकडे बघायचं.

आता पहिला पर्याय, पाईप न काढता मशीन क्लीनर. बाटली मिळते, रिकाम्या मशीनमध्ये सगळ्यात गरम प्रोग्रॅमला चालवायची, कष्ट शून्य. नुसता वास असेल तर आधी हेच करा, विशेषतः तुम्ही रोज इको प्रोग्रॅम लावत असाल तर, कारण तो साधारण 50 अंशाला चालतो आणि आपलं तूप, फोडणीचं तेल, मटणाच्या रश्श्याचा तवंग पाईपमध्ये जाऊन गार होतो नि रिंगांमध्ये बसतो. पण एक लक्षात घ्या, टबमध्ये क्लीनर पूर्ण वेळ फिरत असतो, पाईपमधून मात्र तो पाणी उपसलं जातं तेवढाच वेळ जातो, त्यामुळे जाड थर बसला असेल तर तो याने निघत नाही. सायट्रिक ॲसिड चांगलं, पण क्षारांसाठी, चिकटपणासाठी नाही. खडकवासल्याचं पाणी येतं तिथे क्षारांचा त्रास कमी, जिथे टँकर आणि बोअरवर चाललंय तिथे पांढरा थर बसतोच, तिथे हे अधूनमधून जरूर चालवा. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायचा उपाय सगळीकडे सांगतात, फेस भरपूर येतो पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते जवळजवळ साधं पाणीच. ब्लीच आणि ॲसिड किंवा व्हिनेगर मात्र कधीच एकत्र नको, क्लोरीन वायू तयार होतो. मोरी मोकळी करायची कॉस्टिकची पावडर पण मशीनमध्ये नाही म्हणजे नाही.

दुसरा, पाईप काढून धुणं. माझं मत विचाराल तर पाणी खरंच साचत असेल आणि पाईप दोन्हीकडून सुटत असेल तर हाच रस्ता, खर्च जवळपास काहीच नाही आणि घाण निघालेली डोळ्यांनी दिसते. प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, तळाचं पाणी मगाने-स्पंजने काढा, खाली परात ठेवा कारण पाईपमध्ये पाणी असतंच. मग एक तोंड बंद करून आत गरम पाणी, उकळतं नाही, आणि डिशवॉशरचीच थोडी पावडर घाला, ती अल्कलाईन असते म्हणून चिकटा सोडवते, हातमोजे घाला, अर्धा तास ठेवा, हलवा, लांब नायलॉनचा ब्रश फिरवा नि बाथरूमच्या नळीने जोरात धुवा. लोखंडी तार अजिबात घालू नका, पाईपची भिंत पातळ असते, बारीक भोक पडलं तर ते आपल्याला कळायच्या आधी खालच्या फ्लॅटच्या छताला कळतं!

पण बऱ्याच मशीनमध्ये पाईपचं आतलं टोक पॅनेलच्या आत असतं. वॉरंटी चालू असेल तर तिथे हात घालू नका, मेकॅनिक बोलवा. आणि इथेच तिसरा पर्याय येतो. मेकॅनिक आला, मशीन ओढून बाहेर काढलं, पॅनेल उघडलं की व्हिजिटचे पैसे लागलेच, मग त्याच खर्चात जुना पाईप धुऊन परत लावण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, नवीनच टाकून घ्या. पाईप कडक झालाय, मुडपल्याची पांढरी रेघ पडलीय, ड्राय बाल्कनीत वर्षानुवर्षं ऊन खाल्लंय, तर दोन्ही टोकं सुटत असली तरी धुवत बसू नका. फक्त मॉडेल नंबर सांगून घ्या, कारण टोकाचं रबर प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि वॉशिंग मशीनचा पाईप दिसायला सेम असला तरी बसेलच असं नाही. लांबी पण हवी तेवढीच, जास्तीची गुंडाळी खाली पडून राहिली की तिच्यात पाणी आणि चिकटा दोन्ही साचतात.

धुतलेला असो की नवीन, लावताना पाईप मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीपर्यंत वर नेऊनच मग खाली सोडायचा. आपल्याकडे ड्राय बाल्कनीतल्या नहाणीत, म्हणजे जमिनीतल्या जाळीच्या ड्रेनमध्ये, टोक सरळ कोंबून टाकतात, तसं नको, टोक पाण्यात बुडलं तर घाण पाणी परत ओढलं जाऊ शकतं. शेवटी एक रिन्स, म्हणजे नुसत्या पाण्याचा छोटा प्रोग्रॅम, लावून जॉइंटखाली कोरडा पेपर ठेवा, पाणी उपसून झाल्यावर तो ओला नसेल तरच मशीन परत आत सरकवा.