स्टीलचा कॉफी फिल्टर: आठ महिने वापरल्यानंतर

फ्लॅटचा हप्ता सुरू झाला आणि महिन्याच्या खर्चातून पहिली काट बसली ती बाहेरच्या कॉफीला. दर शनिवारी आम्ही दोघं इथं सांगलीत विश्रामबागला जायचो, ३० रुपयांना कप. वाचले ते थोडेच, पण शनिवार गेला आणि आठवडा नुसता ओढल्यासारखा वाटायला लागला. भिशी लागली तेव्हा त्यातले ४०० रुपये बाजूला काढले आणि गणपती पेठेतून दोघांपुरता स्टीलचा फिल्टर आणला. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं; वर पावडर आणि गरम पाणी घालायचं, खाली अर्क गळतो.

पहिला महिना वाईट गेला. एका दुकानात पावडर पिठासारखी बारीक दळून दिली होती. पाणी वरच तुंबायचं, अर्धा तास झाला तरी खाली चमचाभर अर्क. मी पावडरीवर ठेवायची भोकांची चकती आणखी जोरात दाबायचे, तिथंच चुकत होते. आता रव्याइतपत दळलेली, ८०:२० ची घेते, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी (एका झाडाच्या मुळांची भाजून केलेली पूड). चिकोरीनं अर्क दाट होतो, रंग चांगला येतो आणि पाकीट स्वस्त पडतं. घेताना टक्केवारी मात्र वाचून घ्या, काही पाकिटांत जवळजवळ निम्मी चिकोरी असते.

सकाळी साडेपाचला दोन चमचे पावडर घालते, चकती फक्त टेकवते, पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबते आणि मग कडेनं ओतते. झाकण ठेवून कान लावला की थेंब पडताना ऐकू येतात, आधी भराभर, मग एकेक. तेवढ्यात डबे भरून होतात. अर्कात गरम दूध-साखर घालून, वाटी-पेल्यात वरखाली करून फेस आणला की पहिला घोट खिडकीशी उभं राहून घ्यायचा. मुलगा उठायच्या आधीची ती दहा मिनिटं माझी आहेत. रविवारी सोबत भडंग, किंवा हे मार्केट यार्डातून आणतात तो तुटका बेदाणा. चवीला अख्ख्याइतकाच गोड, भाव कमी.

२५० ग्रॅमचं पाकीट २४० रुपयांना मिळतं, दोघांना २५ दिवस जातं. दूध-साखर धरून कप ११-१२ रुपयांना पडतो. किराण्याच्या यादीत त्याची वेगळी ओळ आहे. मार्चमध्ये शाळेची फी आली तेव्हा तेल कमी आणलं, ही ओळ खोडली नाही.

तक्रारी दोन. झाकण सैल आहे, वाफ जाते, म्हणून वर वाटी पालथी घालावी लागते. आणि भोकं बुजतात. पंधरा दिवसांनी वरचं भांडं उजेडाकडे धरून बघते. बुजलेली दिसली तर चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर तापवते, अडकलेली पूड जळून जाते, गार झाल्यावर घासते. चकतीला प्लास्टिकची गुंडी असेल तर ती आचेपासून लांब ठेवा.

मोठा फिल्टर घेऊ नका. पावडरीचा थर पातळ बसला की पाणी सरळ निघून जातं आणि कॉफी पाणचट होते. आमच्याकडे ते महिनाअखेरीला होतं, पाकिटात एकच चमचा उरतो तेव्हा. त्या दिवशी एकच पेला करते. सासूबाई आयुष्यभर चहावाल्या, पण त्या पेल्यातला अर्धा आता त्या मागून घेतात.