२० मिलियन माइल्स टू अर्थ (१९५७): माणसं सहन करा, इमिरसाठी बघा

आधीच सांगतो, या पिक्चरमधली माणसं बोअर आहेत. हिरो कर्नल आहे म्हणून सतत हुकूम सोडत असतो, हिरोईन डॉक्टरकी शिकतेय पण तिचं अर्धं काम त्याच्याशी भांडण्यात जातं, आणि मग अचानक दोघांचं जमतं, का जमतं ते विचारू नका. इटालियन लोक इंग्रजी असं बोलतात की हसू आवरत नाही. तरीपण मी हा पिक्चर परत परत लावतो, कारण यात इमिर, म्हणजे शुक्रावरून आलेला प्राणी, आहे आणि इमिर हा या पिक्चरमधला सगळ्यात चांगला अॅक्टर आहे, रबराचा असला तरी.

स्टोरी थोडक्यात अशी की शुक्रावरून परत येणारं अमेरिकन यान सिसिलीजवळ समुद्रात कोसळतं, कोळी जीव धोक्यात घालून आतल्या दोघांना बाहेर काढतात, आणि पेपे नावाच्या एका आगाऊ पोराला किनाऱ्यावर एक नळकांडं सापडतं. त्यात जेलीसारखा गोळा. पोराला काउबॉय हॅट घ्यायची असते म्हणून तो गोळा एका प्राणिशास्त्रज्ञाला २०० लिऱ्यांना विकून मोकळा होतो. रात्री त्यातून वीतभर प्राणी बाहेर पडतो आणि पृथ्वीच्या हवेत काहीतरी उलटसुलट होऊन भराभर वाढत सुटतो. सकाळपर्यंत माणसाएवढा, रोमला पोचेपर्यंत घराएवढा.

तो टेबलावर पहिल्यांदा उभा राहतो ना, तो सीन नीट बघा. दिवा लागतो आणि झोपेतून उठवलेलं पोर जसं डोळे चोळतं तसा तो हाताने उजेड अडवत चेहरा चोळतो. बास, तिथेच आपण त्याचे होतो. हे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या रे हॅरीहाऊसनचं काम. आत धातूचा सांध्यांचा सांगाडा, वरून रबराची कातडी, बाहुलं जरासं हलवायचं, एक फ्रेम घ्यायची, परत जरासं हलवायचं, पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम्स. आणि हा माणूस अॅनिमेशन एकट्याने करायचा, हाताखाली पन्नास लोकांची फौज वगैरे काही नाही. आधी कुठलातरी पाय हलवला होता की शेपटी हे डोक्यात ठेवून तासन् तास उभं राहायचं, मध्ये फोन आला तर संपलं. शेपटीकडे मुद्दाम लक्ष द्या, इमिर नुसता उभा असतो तेव्हाही ती वळवळत असते, म्हणजे ज्या शॉटमध्ये काही घडतच नाहीये तिथेही त्याने मेहनत घेतलीय.

खऱ्या लोकेशनवर बाहुलं कसं घुसवलं हा प्रश्न पडतोच. आधी रोममध्ये जाऊन खरं शूटिंग, मग ते बाहुल्याच्या मागे छोट्या पडद्यावर एकेक फ्रेम टाकायचं, पुढचा भाग काचेवर काळा रंग लावून झाकायचा, आणि नंतर फिल्म मागे घेऊन तेवढाच झाकलेला भाग परत एक्सपोज करायचा. म्हणून इमिर खांबामागून येतोय, भिंतीआड जातोय असं वाटतं. काही ठिकाणी मागचं चित्र जरा दाणेदार दिसतं, शोधलंत तर सापडेल, पण शोधायचं कशाला. बाय द वे, गोष्ट इटलीत घडते त्यामागचं कारण फार भारी आहे, हॅरीहाऊसनला युरोप फिरायचं होतं! प्राणिसंग्रहालयात हत्तींना खायला घालणारा एक माणूस क्षणभर दिसतो, तो स्वतः हॅरीहाऊसनच.

मला सगळ्यात जास्त खटकतं आणि आवडतंही ते हे की इमिरची काही चूकच नाहीये. त्याला गंधक खायचंय, बाकी कोणाच्या वाटेला जायचं नाहीये, कर्नल स्वतःच सांगतो की डिवचल्याशिवाय हा हल्ला करत नाही, आणि मग पुढच्याच मिनिटाला गोठ्यात सगळे मिळून त्याला बांबूने ढोसतात, शेतकरी काटेरी दाताळं पाठीत खुपसतो. डिवचू नका म्हणणाराच डिवचतोय! माझा भाचा सोबत बघत होता तो तिथे उठून उभाच राहिला, अरे सोडा ना त्याला म्हणून ओरडायला लागला. नंतर रोममध्ये हत्तीबरोबर मारामारी आहे, जबरदस्त केलीय पण हत्ती वाचत नाही, लहान मुलं असतील तर आधी सांगून ठेवा. शेवटी कलोसियमच्या माथ्यावर इमिर आणि खाली रणगाडे, बझूका. किंग काँगची आठवण येणारच, हॅरीहाऊसन तेरा वर्षांचा असताना तो बघूनच या धंद्यात आला आणि नंतर काँग करणाऱ्या विलिस ओब्रायनच्याच हाताखाली शिकला.

सायन्स वगैरे सोडून द्या. शुक्र जवळात जवळ आला तरी साधारण अडीच कोटी मैल लांब असतो, आणि २० मिलियन म्हणजे दोनच कोटी, म्हणजे नावातच गणित गंडलंय. गंमत म्हणजे शुक्राचे ढग गंधकाम्लाचे आहेत हे नंतर कळलं, तेव्हा गंधक खाणारा प्राणी हा तुक्का मात्र बरा लागला. आणि हो, इमिर हे नाव अख्ख्या पिक्चरमध्ये कोणीही घेत नाही.

मुळात ब्लॅक अँड व्हाइट आहे, कारण रंगीत करायला बजेट नव्हतं. ५० वर्षं झाली तेव्हा २००७ मध्ये हॅरीहाऊसनच्याच देखरेखीखाली रंग भरलेली आवृत्ती निघाली, माझ्या डिस्कवर दोन्ही आहेत. रंगीतमध्ये इमिर हिरवट दिसतो, वाईट नाही, पण माणसांचे चेहरे पावडर थापल्यासारखे वाटतात आणि गोठ्यातल्या त्या कंदिलाच्या सावल्यांची मजा जाते. मी ब्लॅक अँड व्हाइटच लावतो. लांबी ८२ मिनिटं, त्यातली पहिली वीसेक जरा ढकलावी लागतात, चहा तेव्हाच करून घ्या.

पाचपैकी चार, एक मार्क त्या लव्हस्टोरीचा कापला. आवडला तर याच दिग्दर्शकाचा, नेथन जुरानचा, पुढच्या वर्षीचा सिंदबादवाला रंगीत पिक्चर लगेच लावा, त्यातला एकडोळ्या राक्षस बनवताना हॅरीहाऊसनने इमिरचाच सांगाडा काढून आत घातला होता.