जुन्या प्रीमियरला टर्बो बसवण्याआधी ‘स्पीडुइनो’: स्वस्त ईसीयूचा सविस्तर आढावा

स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगा २५६० या सहज मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचे इंधन आणि ठिणगी सांभाळणारा छोटा संगणक, असून त्याचा आराखडा आणि सॉफ्टवेअर ही दोन्ही सर्वांसाठी खुली आहेत. मी तो प्रीमियर ११८ एनई गाडीच्या इंजिनावर बसवला आहे. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, अजून बसवलेला नाही, आणि आधी ईसीयू, मग टर्बो हा क्रम मी मुद्दाम ठरवलेला आहे. कमी खर्चात टर्बो करू पाहणारे बहुतेक जण भंगार बाजारातून टर्बो उचलून आणतात आणि इंधन व ठिणगीचे काय करायचे याचा विचार सर्वांत शेवटी करतात. माझ्या मते पैसे कमी असतील तेव्हा तर हा क्रम उलटाच असायला हवा, म्हणून हा आढावा टर्बोपेक्षा ईसीयूविषयी अधिक आहे.

आधी गाडीविषयी थोडे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये आणलेल्या या गाडीचा सांगाडा फियाट १२४ चा आणि इंजिन निसानचे ए-१२ आहे. क्षमता ११७१ सीसी, बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ७० मिलिमीटर आणि शक्ती सुमारे ५२ अश्वशक्ती. लोखंडी ब्लॉक आणि पाच मेन बेअरिंगांची क्रँक यांमुळे हे इंजिन खालच्या बाजूने चांगले भक्कम आहे. पिस्टन मात्र साधे ओतीव आहेत आणि कॉम्प्रेशन नऊच्या आसपास आहे. इंजिन उघडून फोर्ज्ड पिस्टन घालण्याइतका पैसा हाताशी नसेल, तर ०.४ बार एवढ्याच बूस्टवर, म्हणजे टर्बोने दिलेल्या जादा हवेच्या दाबावर, समाधान मानणे शहाणपणाचे ठरते. तेवढ्या दाबाने कागदावर सत्तरच्या थोडी वर आणि प्रत्यक्षात सत्तरच्या आतबाहेर अश्वशक्ती मिळावी. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु कात्रजचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढणाऱ्या गाडीसाठी तो फरक मोठा आहे.

एवढ्याशा बूस्टसाठी मूळ कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्यूटरच ठेवता येतील, असे अनेक मिस्त्री सांगतात, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. कार्ब्युरेटरमधून दाबाची हवा ढकलण्याची पद्धत जुनी आहे. मात्र त्यासाठी फ्लोटच्या कप्प्यालाही तोच दाब द्यावा लागतो, थ्रॉटलच्या दांड्याभोवतीची गळती थांबवावी लागते, जेट बदलत बसावे लागते आणि इंधनपंपाचा दाब बूस्टच्या वर ठेवावा लागतो. त्यातूनही ठिणगीचा प्रश्न उरतोच. बूस्ट वाढला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे घ्यावे लागते, आणि दर एका पीएसआयला साधारण एक अंश असा ढोबळ हिशेब धरला तर ०.४ बारला, म्हणजे सुमारे सहा पीएसआयला, सहा अंश होतात. मूळ डिस्ट्रिब्यूटरला बूस्ट कळतच नाही. तो आधीपासूनच सहा अंश मागे बांधून ठेवला तर बूस्ट नसताना गाडी मेंगळट चालते आणि विनाकारण तापते. एवढा खटाटोप करूनही नेमके काय चालले आहे ते दिसत नाही, हा माझा त्यावरचा खरा आक्षेप आहे.

स्पीडुइनो घेण्याचे कारण इथे येते. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब आणि इंजिनचे फेरे यांचे सोळा बाय सोळा चौकटींचे तक्ते इंधनासाठी आणि टायमिंगसाठी वेगवेगळे मिळतात, आणि लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर उघडून गाडी चालू असतानाच त्यांतली कोणतीही चौकट बदलता येते. नेहमीच्या बोर्डावर बसणारा एमपीएक्स ४२५० हा दाबाचा सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंत मोजतो, त्यामुळे वातावरणाचे शंभर आणि बूस्टचे चाळीस अशा माझ्या १४० किलोपास्कलच्या गरजेला तो भरपूर पुरतो. इंजेक्टर आणि इग्निशन यांच्या प्रत्येकी चार वाहिन्या आहेत, म्हणजे चार सिलिंडरांना काही कमी पडत नाही. ठरलेल्या मर्यादेबाहेर बूस्ट गेला, तेलाचा दाब घसरला किंवा हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ झाले तर इंजिन आवरण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. लाखाच्या घरातल्या नामांकित ईसीयूंमध्ये मिळणाऱ्या ज्या गोष्टी मला खरोखर लागणार आहेत, त्यांतल्या बहुतेक येथे आयात शुल्क धरून वीस हजारांच्या आसपास मिळतात. बोर्ड स्वतः डाग देऊन जोडला तर याहूनही कमी लागतात.

परंतु बोर्डाची किंमत पाहून कोणी हुरळून जाऊ नये, कारण बोर्डाभोवतीचा लवाजमा त्याहून महाग पडतो. इंजिनाच्या कॅमवर चालणारा मूळ इंधनपंप इंजेक्शनसाठी निरुपयोगी आहे, म्हणून तीन बार दाबाचा विजेचा पंप, रेग्युलेटर आणि टाकीकडे परतीची नळी घ्यावी लागली. थ्रॉटल बॉडी, तिच्यावरचा पोझिशन सेन्सर, हवेच्या आणि पाण्याच्या तापमानाचे सेन्सर व इंजेक्टर हे सगळे जुन्या मारुतीच्या सुट्या भागांतून पुण्याच्या नाना पेठेत जमवता आले. इंजेक्टर किती मोठे घ्यावेत याचा गोंधळ अनेकांना होतो, पण हिशेब सरळ आहे. टर्बो लावलेल्या सत्तर अश्वशक्तीच्या इंजिनाला, ऐंशी टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचे प्रमाण) धरून, प्रत्येक सिलिंडरमागे मिनिटाला साधारण १४० सीसी इंधन लागते. म्हणून २०० सीसीचे इंजेक्टर पुरेसे आहेत, आणि त्याहून फार मोठे घेतले तर आयडलिंगला मिश्रण सांभाळणे अवघड जाते. क्रँकची स्थिती सेन्सरला कळवणारे छत्तीस उणे एक दात्यांचे ट्रिगर चाक मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पोलादी पत्र्यातून लेझरने कापून घेतले आणि पुलीवर बसवून लेथवर त्याची डुगडुग काढून घेतली.

धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि या खर्चात काटकसर करू नये. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळते आणि त्याचे आदर्श मिश्रण १४.७ ऐवजी साधारण साडेतेराला एक असे असते, त्यामुळे हवा-इंधनाच्या जुन्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा लॅम्डामध्ये (प्रत्यक्ष मिश्रण भागिले आदर्श मिश्रण) वाचण्याची सवय लावलेली बरी. बूस्टखाली मी ०.८ लॅम्डा हे लक्ष्य ठेवणार आहे. इथेनॉलमुळे नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याला, थोडा आळा बसतो हा टर्बोवाल्यांचा फायदा, पण पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप तेच इंधन खाऊन टाकते. ते आधी बदलावेत.

आता उणिवांकडे येतो, आणि त्या किरकोळ नाहीत. बोर्डाला मूळचे आवरण नाही, त्यामुळे पाण्यापासून संरक्षणही नाही; आपल्या पावसाळ्यात तो बॉनेटखाली टिकण्याची शक्यता शून्य धरावी आणि डॅशबोर्डच्या आत जागा करावी. इग्निशनच्या वाहिन्या थेट कॉइल चालवू शकत नाहीत. इग्नायटर अंगभूत असलेली कॉइल नसेल तर तो वेगळा लावावा लागतो. चुंबकीय क्रँक सेन्सर वापरायचा तर त्याच्या संकेतासाठी छोटे वेगळे मॉड्यूल लागते, म्हणून शक्य असेल तर सरळ हॉल सेन्सर घ्यावा. मला सर्वाधिक छळले ते विजेच्या गोंगाटाने. प्लगच्या वायरी सेन्सरच्या वायरीजवळून गेल्या की सिंक (क्रँकच्या स्थितीशी असलेला ईसीयूचा मेळ) तुटल्याची नोंद पडते आणि गाडी क्षणभर आचका देते. रेझिस्टर प्लग, जाळीदार आवरणाची वायर आणि सगळ्या अर्थिंग एकाच जागी बांधणे एवढे केल्यावर हे थांबले. नेहमीच्या बोर्डावर नॉक ओळखण्याची सोय नाही, ही टर्बोच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव आहे. त्यामुळे ट्यूनिंगच्या वेळी ब्लॉकला मायक्रोफोन लावून हेडफोनने ऐकत बसण्याला पर्याय नाही. ट्यूनरस्टुडिओची मोफत आवृत्ती कामचलाऊ आहे, पण इंधनाचा तक्ता आपोआप सुधारणारी सोय पैसे भरल्यावरच मिळते. मी ती घेतली आणि ते पैसे वसूल झाले असे मानतो.

टर्बो नसताना गाडीचे वागणे सांगायचे तर, सकाळी थंड इंजिन पहिल्या हाकेला सुरू होते, आयडलिंग एकसारखे राहते आणि मध्यम फेऱ्यांवरचा पूर्वीचा अडखळा गेला आहे. थंड इंजिनाचे तक्ते जुळवायला मात्र खूप वेळ लागला, कारण दिवसाला एकदाच इंजिन खऱ्या अर्थाने थंड मिळते.

टर्बोसाठी भंगारात सर्वाधिक दिसतो तो छोट्या डिझेल गाड्यांचा. आकाराने तो ११७१ सीसीला जुळण्यासारखा असला तरी पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच अधिक तापलेला असतो आणि त्या टर्बोंना सहसा पाण्याचे जॅकेट नसते, म्हणून इंजिन बंद केल्यावर आतले तेल करपण्याचा धोका राहतो. मी पेट्रोल गाडीतला, पाण्याचे जॅकेट असलेला टर्बो शोधत आहे. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे तप्त मॅनिफोल्डची झळ थेट इनटेकला लागणार. शिवाय पस्तीस अंशांची हवा ०.४ बारपर्यंत दाबली की ती ऐंशी अंशांच्या पुढे जाते. छोटा का होईना, ती थंड करणारा इंटरकूलर अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे.

कायद्याची बाजूही खर्चाआधी तपासावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब स्पष्ट केली आहे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली ती व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर इंजिनात मोठा फेरफार करून ती संधी घालवू नये.

वायरिंगचा नकाशा वाचता येत असेल, डाग देता येत असेल आणि बिघाड स्वतः शोधण्याची तयारी असेल, तर या किमतीत स्पीडुइनोला तोड नाही. गाडी मिस्त्रीकडे सोपवून तयार परत घ्यायची असेल, तर मात्र ज्याचा ट्यूनर तुमच्या शहरात आहे असा महाग ईसीयूच घ्यावा. स्पीडुइनोच्या बाबतीत अडचण आल्यावर फोन करावा असे ग्राहक सेवा केंद्र अस्तित्वात नाही.