कॅसेट, निगेटिव्ह की फाइल?

जुन्या कॅसेट, एलपी (गाण्यांच्या मोठ्या तबकड्या), निगेटिव्ह सांभाळायच्या की सगळं डिजिटल करून मोकळं व्हायचं? बहुतेक जण हा वाद 'आवाज कशाचा चांगला' इथून सुरू करतात. तो चटकन मिटतो. सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतात. त्यातून साधारण 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पुन्हा उभा करता येतो, आणि आपला कान तरुणपणीही 20 किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो. एलपीची खरखर कुणाला ऊबदार वाटते, वाटू दे. पण ती आवड झाली, अचूकपणा नव्हे.

खरा फरक बिघडण्यात आहे. माझ्याकडे आजीच्या आवाजाची कॅसेट आहे. फीत दोनदा अडकली, चाकात पेन्सिल घालून गुंडाळली. चुरगळलेल्या जागी आजी क्षणभर पाण्यातून बोलल्यासारखी वाटते, पुढे पुन्हा स्पष्ट. याउलट माझी हार्डडिस्क एका सकाळी टक्-टक् वाजली आणि चार वर्षांचे फोटो घेऊन गेली. आदल्या दिवशीपर्यंत एकाही फोटोवर ओरखडा नव्हता.

अर्थात दोष माझाच, दुसरी प्रत काढली नव्हती. डिजिटलची सगळी ताकद तिथेच आहे. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर खेपेला सरसर वाढते. फाइलची शंभरावी प्रतही मुळाइतकीच असते. मात्र ती वाचणारं यंत्र हवं. 1086 सालची इंग्लंडची डूम्सडे ही जमीन-मालमत्तेची नोंदवही चामड्याच्या पानांवर आजही वाचता येते. तिच्या नऊशे वर्षांनिमित्त बीबीसीने 1986 मध्ये लेझरडिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या पण मोठ्या तबकडीवर, नवी नोंद केली, आणि पंधरा-सोळा वर्षांतच ती उघडण्यासाठी तज्ज्ञांना खटपट करावी लागली.

म्हणून घाई कशाची करायची ते आधी ठरवा. व्हिडिओ कॅसेट सर्वांत आधी. दमट हवेत फितीवरचा थर चिकट होतो, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. त्यानंतर ऑडिओ कॅसेट. निगेटिव्ह थांबू शकतात, फक्त कोरड्या, थंड जागी ठेवा. व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर मात्र लगेच स्कॅन करा. मूळ प्रतीसाठी काहीही न गाळणारे फाइलप्रकार वापरा: आवाज डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये, फोटो टिफमध्ये घ्या. एमपी3 आणि जेपेग पाठवापाठवीला ठीक. प्रती तीन, त्यातली एक घराबाहेर.

नवं काही टिपायचं असेल तर डिजिटलच घ्या. फिल्मच्या 36 फोटोंत जपून बटण दाबायची मजा वेगळी, पण ती हौस म्हणून. निवडक फोटो तेवढे कागदावर छापून ठेवा, ते बघायला चार्जर लागत नाही.

आजीची फाइल आता तीन ठिकाणी आहे. कॅसेटही ठेवली आहे. तिच्या लेबलावर आजीने स्वतः लिहिलेली तारीख आहे, आणि मी भरताना फक्त आवाज भरला होता.