मेपलखालचे आयरिस : १४ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये दाढीवाल्या आयरिस या फुलझाडाचे १२ कंद मागवले, ६० डॉलरला. (दाढी म्हणजे खाली झुकलेल्या पाकळीवरचा केसाळ पट्टा.) आम्ही अमेरिकेच्या उत्तरेकडे, मिनियापोलिसजवळ राहतो, त्यामुळे माहितीपत्रकात मी फक्त किती थंडी सोसतात तेवढंच पाहिलं. ‘भरपूर ऊन हवे’ ही ओळ त्याच्याच खाली होती.

खोकं उघडल्यावर हसू आलं. थेट हळदीचे गड्डे, फक्त वर पंख्यासारखी छाटलेली पानं. माझं माहेर सांगलीकडचं, असलं काही हातात आलं की खड्डा आपोआप खोल होतो. त्यात थंडीची धास्ती. चांगली चार बोटं माती लोटून मोकळी झाले. शेजारच्या आजींनी (ऐंशीच्या पुढच्या, अजून गुडघे टेकून खुरपतात) कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाल्या, यांच्या पाठीला ऊन लागलं पाहिजे. झालं, सगळे पुन्हा उकरले. खड्ड्यात मधे मातीचा उंचवटा, त्यावर कंद, मुळं दोन्ही अंगांना खाली सोडलेली, पाठ उघडी. आईला फोनवर दाखवलं तर तिचा जीव वरखाली. "अगं, झाक की ते, गारठून मरंल!"

नाही मेलं. जानेवारीत पारा उणे २८ सेल्सियसला गेला, पण वर बर्फाची गोधडी होती. थंडीने एकही कंद गेला नाही. छळलं ते मार्चने. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, माती फुगायची आणि उथळ कंदांना वर ढकलायची. दोन तर मुळांसकट बाहेर आडवे पडलेले सापडले. ते परत दाबून बसवले आणि जगले. दुसरा घोटाळा माझाच. जमीन गोठायच्या आधीच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी वाफ्यावर मेपलच्या पाल्याचा जाड थर पसरला होता. एप्रिलमध्ये तो ओला गच्च थर उचलला तर खाली तीन कंद मऊ पडलेले, आणि वास असा की विचारू नका. सडका भाग चाकूने कापून दोन दिवस हवेशीर वाळवले. एक वाचला, दोन गेले.

आता खरी गोष्ट मेपलची. १२ पैकी ७ कंद मागच्या अंगणातल्या सिल्व्हर मेपलखाली लावले होते, ५ गाडी लावतो तिथे दक्षिणेच्या कडेला. जूनमध्ये कडेच्या पाचातले चार फुलले. जांभळे, द्राक्षाच्या रसासारखा वास. मेपलखाली उरलेल्या पाचांत मिळून एक दांडा, दोन फुलं, आणि तोही उजेडाकडे मान वाकडी करून. वाटलं खत कमी पडलं असेल, म्हणून आणखी कंपोस्ट घातलं. जुलैत खुरपं लावलं तर आत जाईना. माझ्या कंपोस्टमध्ये मेपलच्या केसासारख्या मुळांची चटई विणलेली होती. वर्षभर मी झाडालाच जेवू घालत होते! या झाडाची अन्न शोषणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात, आणि आयरिसही तिथेच. शिवाय फुलं सरल्यावर जून ते ऑगस्टमध्ये कंदाला पुढच्या वर्षी फुलणारी पिल्लं वाढवायची असतात, आणि नेमकी तेव्हाच मेपलची सावली सर्वांत दाट.

बूड कापलेल्या बादल्या पुरून पाहिल्या. मुळं खालून आली. जाड मुळं तोडणं मनाला पटलं नाही, आणि खोडाभोवती मातीची भर घातली तर झाडच गुदमरतं. शेवटी ऑगस्टमध्ये तीन कंद हलवून फांद्यांच्या घेराबाहेर लावले. आठवड्यात नवी पाती! मेपलखाली आता याच भागातलं मूळचं बारीक पातीचं सावलीतलं गवत लावलंय, ते मजेत आहे.

सोबत सायबेरियन आयरिसचे तीन ठोंबही घेतले होते. थंडीला हे आणखी काटक, पण ओल लागते, म्हणून झाडाजवळ नकोतच. छपराचं पाणी पडतं तिथे लावलेत. यंदा फूल नाही, नुसती हिरवी पाती. आजी म्हणतात रुसलेत, दुसऱ्या वर्षी बोलतील.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. हरणांनी ट्यूलिपचा फडशा पाडला, याला तोंड लावलं नाही. पण किडीवर लक्ष हवं. मे महिन्यात एका पात्यात बोगदा दिसला, चिरून पाहिलं तर आत अळी. कंद पोखरणारी हीच. तिच्या पतंगाची अंडी जुन्या पानांवर हिवाळा काढतात, म्हणून यंदा कडक हिमानंतर सगळी पानं कापून कचऱ्यात टाकणार. आणि आच्छादन करायचं ते जमीन गोठल्यावर, पाल्याचं नाही, स्प्रूसच्या (सुईसारख्या पानांचं झाड) फांद्यांचं, म्हणजे हवा खेळेल.

कंदांना पाचपैकी साडेचार. मला दोन. मेपलखाली अजून दोन कंद आहेत, ते तसेच ठेवलेत, कारण घरच्यांना बैठकीच्या खिडकीतून तेवढेच दिसतात.